सहा आठवड्यांची गाठ

ड्रॉपच्या बाटलीतून डोळ्यात एक थेंब पडतो. तेवढं पाणी स्वतः तयार करायला डोळ्याला साधारण वीस मिनिटं लागतात. वेग मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात चहाचा चमचाही भरत नाही. हे अश्रू नव्हेत. हे पाणी बुबुळाच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातं. जाळी तुंबली की डोळ्याचा दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. काचबिंदू बहुतेकदा होतो तो असा. मोतीबिंदूसारखं 'पिकला की काढू' इथे चालत नाही, कारण गेलेली नजर परत येत नाही.

औषधं, लेझर, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डोळ्याच्या भिंतीत छोटी खिडकी पाडून पाण्याला वाट करून देणं, हा नेहमीचा क्रम. काही डोळे मात्र ही खिडकी टिकू देत नाहीत. मधुमेहामुळे बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या उगवलेले, आतून वारंवार सुजणारे, आधी एक-दोन ऑपरेशनं झालेले. तिथे जखम इतक्या तत्परतेनं भरते की खिडकीच बुजते. एरवी ज्या गुणाचं कौतुक करावं, तोच इथे नडतो.

मग नळी घाला की! हा विचार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी घोड्याचा केस आणि रेशमाचा धागासुद्धा डोळ्यात घालून पाहिला. बाहेरच्या टोकाशी व्रण धरायचा आणि वाट पुन्हा बंद. दक्षिण आफ्रिकेत अँथनी मोल्टेनो यांनी १९६० च्या दशकात नळीच्या टोकाला एक चकती जोडली आणि पुढे ती चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला सरकवली. चकतीभोवती व्रण होणारच, होऊ द्या. त्याची एक पातळ पिशवी तयार होते, पाणी तिच्यात साठतं आणि तिच्या भिंतीतून सावकाश झिरपतं. चकती आहे म्हणून पिशवी मिटत नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्या व्रणाशी झगडा चालला होता, त्यालाच मोल्टेनोंनी कामाला लावलं.

अडचण सुरुवातीच्या दिवसांची. पिशवी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि तोवर नळी म्हणजे उघडा नळ. नळीचं भोक ०.३ मिलिमीटरचं. ऐकायला बारीक वाटतं, पण डोळ्यातलं पाणी इतकं थोडं की एवढ्या भोकातून ते जवळपास विनाअडथळा वाहून जातं. नळीचा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो: भोक निम्मं केलं तर अडथळा सोळापट. नुसत्या नळीनं दाब सांभाळायचा तर भोक केसाच्या जाडीइतकं हवं. नाहीतर डोळा हवा गेलेल्या चेंडूसारखा मऊ पडतो, आणि अतिकमी दाबही नजरेला घातकच.

यावर अमेरिकेत १९९३ मध्ये आलेल्या अहमद व्हॉल्व्हचं उत्तर म्हणजे सिलिकॉनचे दोन ताणलेले पडदे. दाब पाऱ्याच्या ८ ते १२ मिलिमीटरच्या आसपास गेला की ते उघडतात. बेअरफेल्ट इम्प्लांटमध्ये झडप नाहीच, पण चकती मोठी. ३५० चौरस मिलिमीटरच्या चकतीचे पंख डोळा हलवणाऱ्या स्नायूंखाली सरकवावे लागतात. आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यांच्या एका अमेरिकाप्रणीत अभ्यासात पाच वर्षांनी बेअरफेल्टची नळी सुमारे ३० टक्के डोळ्यांत अपयशी ठरली होती, खिडकीचं ऑपरेशन ४७ टक्के. याच घडणीचं इम्प्लांट मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबनं २०१३ मध्ये आणलं, परदेशी इम्प्लांटपेक्षा खूपच स्वस्तात. मोतीबिंदूच्या भिंगांची किंमत खाली आणणारी हीच ती संस्था.

झडप नसलेल्या नळीला काय करायचं? तिला दोरा बांधायचा. मला तरी या सगळ्या तंत्रज्ञानात हाच उपाय सर्वात भावतो. विरघळणाऱ्या टाक्याच्या दोऱ्यानं नळी करकचून आवळतात. पाच-सहा आठवड्यांनी दोरा विरतो, तोवर चकतीभोवतीची पिशवी तयार झालेली असते. काही सर्जन गाठीच्या अलीकडे सुईनं बारीक चिरा पाडून ठेवतात, म्हणजे मधल्या काळात थोडं पाणी निसटतं.

नळी वरच्या नाजूक आवरणाला घासून उघडी पडू नये म्हणून तिच्यावर ठिगळ लावतात. बऱ्याचदा ते नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचं असतं. पुढचं पारदर्शक पटल एकाला, पांढरा तुकडा दुसऱ्याच कुणाला.

गाठ सुटेपर्यंत दाबाचे ड्रॉप बहुधा चालूच ठेवावे लागतात. आणि सुटते ती डॉक्टरांची वेळ बघून नव्हे. एखाद्या सकाळी दाब एकदम उतरतो, नजर धूसर होते. म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यातली तपासणी चुकवायची नसते, डोळा बाहेरून कितीही बरा दिसत असला तरी.