लुइस-क्लार्क मोहिमेआधीची वीस वर्षे

18 जानेवारी 1803 रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी अमेरिकी काँग्रेसला एक गुप्त संदेश पाठवला. वरवर पाहता त्याचा विषय मूळ रहिवाशांशी व्यवहार करणाऱ्या सरकारी व्यापारकोठ्यांचा होता, परंतु शेवटी शेवटी त्यात एक वेगळीच मागणी येते: एक हुशार अधिकारी आणि दहा-बारा निवडक माणसे मिझुरी नदीच्या उगमापर्यंत आणि तेथून पश्चिमेच्या महासागरापर्यंत पाठवावीत, त्यासाठी 2,500 डॉलर मंजूर व्हावेत. ज्या प्रदेशातून ही माणसे जाणार होती त्यातला एक एकरही त्या दिवशी अमेरिकेच्या मालकीचा नव्हता. मिसिसिपीच्या पश्चिमेला कारभार स्पेनचा होता, कागदोपत्री 1800 च्या गुप्त तहाने तो प्रदेश फ्रान्सकडे गेलेला होता, आणि प्रत्यक्षात तेथे ओसेज, लकोटा, मॅन्डन, शोशोनी आणि इतर अनेक जमाती आपापल्या भूमीवर राहत होत्या. लुइझियाना, म्हणजे मिसिसिपीच्या पश्चिमेचा हा मुलूख, विकत घेतल्यावर तो पाहून येण्यासाठी मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांना पाठवले, हा सर्वसाधारण समज म्हणूनच घटनाक्रमाला धरून नाही. मोहिमेचा निर्णय आधीचा आहे, खरेदी नंतरची.

या मागणीमागे जेफरसन यांची वीस वर्षांची खटपट होती. डिसेंबर 1783 मध्येच त्यांनी स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांना पत्र लिहून मिसिसिपीपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख पाहण्यासाठी निघणाऱ्या तुकडीचे नेतृत्व कराल का, असे विचारले होते. इंग्रज याच कामासाठी पैसा उभा करत असल्याची कुणकुण त्यांना लागली होती आणि त्यामागे वसाहती स्थापण्याचा बेत असावा अशी त्यांना धास्ती होती. क्लार्क यांनी नकार दिला. (वीस वर्षांनी या कामावर गेले ते त्यांचेच धाकटे बंधू विल्यम.) पुढे पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून असताना जेफरसन यांना जॉन लेडयार्ड भेटला. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत नौसैनिक असलेल्या या साहसी माणसाने रशिया आणि सायबेरिया ओलांडून, तेथून समुद्रमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून पूर्वेकडे चालत येण्याचा बेत आखला होता. तो सायबेरियातील याकुत्स्कपर्यंत पोहोचलाही, पण 1788 मध्ये सम्राज्ञी कॅथरिनच्या हुकमाने त्याला पकडून पोलंडच्या सरहद्दीवर आणून सोडण्यात आले.

तिसरा प्रयत्न अधिक पद्धतशीर होता. 1793 मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला पॅसिफिकपर्यंत पाठवण्यासाठी वर्गणी गोळा केली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही 25 डॉलर दिले. व्हर्जिनियातील मेरिवेदर लुइस नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने या मोहिमेवर जाण्यासाठी जेफरसन यांच्याकडे आग्रह धरला होता, पण त्याला नकार मिळाला. त्यात त्याचे नुकसान झाले नाही, कारण मिशो केंटकीपर्यंत गेला तेव्हा स्पेनच्या मुलखावर हल्ला करण्याच्या फ्रेंच कटात तो गुंतलेला असल्याचे उघड झाले आणि सगळा बेत बारगळला.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनी पश्चिमेचा नकाशा बदलला. मे 1792 मध्ये बोस्टनचा व्यापारी कप्तान रॉबर्ट ग्रे याने एका मोठ्या नदीच्या मुखात जहाज घातले आणि तिला आपल्या जहाजाचे, कोलंबियाचे, नाव दिले. नदीमुखाचे रेखांश कळल्यामुळे खंडाची रुंदी प्रथमच हिशेबात धरता येऊ लागली. जुलै 1793 मध्ये अलेक्झांडर मॅकेंझी हा स्कॉटिश फर व्यापारी कॅनडातून जमिनीमार्गे पॅसिफिकला पोहोचला. त्याचा वृत्तान्त 1801 मध्ये लंडनला छापला गेला आणि 1802 च्या उन्हाळ्यात जेफरसन यांनी तो वाचला. खंडाचा जलविभाजक, म्हणजे जेथून नद्या दोन विरुद्ध दिशांना वाहतात तो माथा, ओलांडायला आपल्याला अवघी 817 पावले चालावी लागली, असे मॅकेंझीने त्यात लिहिले होते. मुख्य म्हणजे, समुद्री पाणमांजराच्या कातड्यांचा चीनशी चालणारा किफायतशीर व्यापार ब्रिटनने हाती घ्यावा, असे त्याने सुचवले होते. 817 पावलांच्या गोष्टीने जेफरसन यांची आशा वाढली, व्यापाराच्या सूचनेने त्यांची झोप उडाली असणार. पश्चिमेचे पर्वत पूर्वेच्या ॲपलाचियनसारखेच, एकाच बुटक्या रांगेचे असतील. मिझुरीतून वर जावे, होड्या खांद्यावर घेऊन थोडी वाट चालावी आणि कोलंबियात उतरावे, हा त्यांचा आडाखा होता. स्वतः जेफरसन व्हर्जिनियाच्या पश्चिमेला फारसे कधी गेले नव्हते. त्यांची पश्चिम दिशा बव्हंशी ग्रंथालयातली होती.

आता प्रश्न उरला स्पेनचा. 1802 च्या अखेरीस जेफरसन यांनी स्पेनचे राजदूत इरुहो यांना, आमची छोटी तुकडी मिझुरीकडे गेली तर आपल्या सरकारला खटकेल का, असे सहज विचारल्यासारखे विचारले. हेतू केवळ भूगोलज्ञानाचा आहे, पण राज्यघटना निव्वळ ज्ञानासाठी खर्च करू देत नसल्याने कागदावर व्यापाराचे कारण लिहावे लागेल, असेही ते म्हणाले. इरुहो यांनी खटकेल असे स्पष्ट सांगितले. काही आठवड्यांनी काँग्रेसला मात्र जेफरसन यांनी नेमके उलटे कळवले: हेतू व्यापाराचा आहे, पण त्या प्रदेशावर हक्क सांगणारा देश याला ज्ञानसाधना समजून काणाडोळा करील. एकाच मोहिमेची ही दोन तोंडे पाहिली की त्यांच्या मुत्सद्देगिरीचे कौतुक करावे की नवल, हे ठरवणे अवघड जाते.

लुइस तोवर सैन्यात कॅप्टन झाला होता आणि 1801 पासून राष्ट्राध्यक्षांचा खासगी सचिव होता. त्याने केलेल्या 2,500 डॉलरच्या अंदाजपत्रकात सर्वांत मोठी रक्कम, 696 डॉलर, बंदुकांसाठी नव्हे तर मूळ रहिवाशांना द्यायच्या भेटवस्तूंसाठी होती. (प्रत्यक्ष खर्च अखेर 38 हजार डॉलरच्या वर गेला.) 1803 च्या वसंतात त्याने फिलाडेल्फियातील विद्वानांकडे वनस्पतिशास्त्र, जीवाश्म, वैद्यक आणि ताऱ्यांवरून स्थाननिश्चिती यांचे धडे घेतले. त्याच शहरात त्याने 193 पौंड सुकवलेले सूप विकत घेतले, ज्याला पुढे डोंगरात उपासमार झाली तेव्हाही माणसे नाके मुरडत होती.

हैतीतील उठाव आणि पीतज्वर यांत फ्रेंच सैन्य खचल्यावर नेपोलियनला अमेरिकेतील साम्राज्यात रस उरला नाही, आणि 30 एप्रिल 1803 च्या करारान्वये दीड कोटी डॉलरला लुइझियाना अमेरिकेला मिळाले. ही बातमी 4 जुलैला वॉशिंग्टनमध्ये जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी लुइस निघाला. विल्यम क्लार्क यांनी सहनेतृत्वाचे आमंत्रण स्वीकारले, पण कबूल केलेले कॅप्टनपद युद्धखात्याने त्यांना दिलेच नाही. दोघांनी ही गोष्ट सोबत्यांना कळू दिली नाही. क्लार्क यांच्याबरोबर त्यांचा गुलाम यॉर्कही निघाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

1803-04 चा हिवाळा तुकडीने सेंट लुइसजवळ मिसिसिपीच्या पूर्व काठावर काढला. तेथे त्यांच्या हाती आलेले सर्वांत उपयोगी कागद स्पेनचेच होते. 1795 ते 1797 या काळात स्पेनच्या चाकरीतील जेम्स मॅके आणि जॉन इव्हान्स यांनी मिझुरीची पाहणी केली होती, आणि इव्हान्स तर मॅन्डन गावांपर्यंत गेला होता. हा इव्हान्स वेल्सचा. बाराव्या शतकात समुद्रापार गेलेल्या एका वेल्श राजपुत्राचे वंशज मिझुरीकाठी वेल्श बोलत राहतात, या दंतकथेच्या शोधात तो आला होता. वेल्श बोलणारे कोणी भेटले नाही, परंतु त्याचा नकाशा इतका चांगला होता की मॅन्डनपर्यंतची वाट मोहिमेला जवळजवळ आयती मिळाली. स्पेनला याची जाणीव असावी. अमेरिकी सैन्याचा जनरल जेम्स विल्किन्सन स्पेनकडून पैसे घेत असे, आणि 1804 मध्ये त्यानेच लुइसला अडवण्याचा सल्ला स्पॅनिश अधिकाऱ्यांना दिला. सांता फेहून त्यासाठी तुकड्या निघाल्या; एकीलाही मोहीम गाठता आली नाही.

14 मे 1804 रोजी नौका मिझुरीत शिरल्या. जेफरसन यांच्या आडाख्याची परीक्षा पंधरा महिन्यांनी, 12 ऑगस्ट 1805 रोजी, रॉकी पर्वतातील लेम्ही खिंडीत झाली. मिझुरीचा एक उगमझरा ओलांडून लुइस माथ्यावर चढला, तेव्हा पलीकडे कोलंबियाकडे उतरणारी नदी त्याला दिसली नाही. दिसल्या त्या बर्फाने माखलेल्या उंच डोंगरांच्या रांगा. तो ज्या वाटेने वर आला होता ती मात्र रुंद आणि पायांनी मळलेली होती, कारण शोशोनी लोक ती कित्येक पिढ्या वापरत होते.