माचू पिच्चू आणि विल्काबांबा: इंकांची शेवटची राजधानी कोणती?

स्पॅनिशांपासून लपून, दक्षिण अमेरिकेत एकेकाळी मोठं साम्राज्य असलेल्या इंकांनी माचू पिच्चूत अखेरचा लढा दिला, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. तो लढा विल्काबांबात झाला. दोन्ही जागा पेरूमध्ये, कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीच्या वायव्येला, आणि दोन्हींपर्यंत १९११ सालीच पोहोचलेला अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम हाच या घोटाळ्याचं मूळ आहे.

माचू पिच्चू साधारण २,४३० मीटर उंचीवर आहे. पंधराव्या शतकात, साम्राज्य भरात असताना, सम्राट पाचाकुतीसाठी ती बांधली गेली. राजपरिवार तिथे अधूनमधून मुक्कामाला येई, राज्याचा कारभार मात्र कुस्कोतून चाले. तिथले दगड इतक्या निगुतीने घडवलेले आहेत, कारण बांधणाऱ्यांना कसलीच घाई नव्हती. (बिंगहॅम आला तेव्हा त्या उतारांवर स्थानिक शेतकरी शेती करत होते. ‘शोध लावला’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो.)

त्याच वर्षी बिंगहॅम एस्पिरितू पाम्पा या बऱ्याच खालच्या, दमट जंगलातल्या जागीही गेला. झाडीत थोडे अवशेष दिसले, काही कौलंही दिसली. ही राजधानी असेल असं त्याला वाटलं नाही आणि पुढे त्याने तो मान माचू पिच्चूला दिला. खरं तर ती कौलंच निर्णायक होती. इंकांची घरं गवताने शाकारलेली असत, कौलं आली ती स्पॅनिशांबरोबर. मार्तिन दे मुरुआ या पाद्र्याच्या बखरीत विल्काबांबातला इंकाचा, म्हणजे राजाचा, वाडा कौलारू असल्याची नोंद आहे, आणि तिथल्या उष्ण हवेचं वर्णनही आहे. थंड, उंच माचू पिच्चूला यातलं काहीच लागू पडत नाही. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉय या अमेरिकन शोधकाने एस्पिरितू पाम्पातलं जंगल साफ करून पाहिलं, तेव्हा तिथे मोठं शहर असल्याचं उघड झालं. आज अभ्यासक तीच विल्काबांबा मानतात.

हा फरक एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे त्यावरून इंकांच्या शेवटाची गोष्टच बदलते. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूतल्या काहामार्का शहरात स्पॅनिश सेनानी पिझारोने सम्राट आताहुआल्पाला पकडलं. खोलीभर सोन्याची खंडणी घेऊनही पुढच्या वर्षी त्याला ठार केलं. थोडक्यात सांगणारे इथेच थांबतात. पण स्पॅनिशांनी स्वतःच गादीवर बसवलेला मांको इंका १५३६ मध्ये उलटला आणि त्याने कुस्कोला वेढा घातला. कित्येक महिन्यांनी वेढा फसल्यावर तो जंगलाकडे हटला आणि विल्काबांबातून राज्य चालवू लागला. ज्या स्पॅनिश फरारींना त्याने आसरा दिला होता, त्यांनीच त्याचा खून केला. तरीही राज्य टिकलं. त्याचे तीन मुलगे एकामागून एक गादीवर आले. त्यांपैकी तितू कुसीने १५७० मध्ये या आक्रमणाची इंकांच्या बाजूची हकीकत सांगून लिहवून घेतली. विजेत्यांच्या कागदांच्या ढिगाऱ्यात ती मला सर्वांत मोलाची वाटते.

जून १५७२ मध्ये व्हाइसरॉय (स्पॅनिश राजाचा पेरूतला प्रतिनिधी) तोलेदोची फौज विल्काबांबात शिरली, तेव्हा इंकांनी शहर स्वतःच पेटवून सोडलेलं होतं. शेवटचा इंका, तुपाक अमारू, पुढे जंगलात पकडला गेला. सप्टेंबरमध्ये कुस्कोच्या चौकात, प्रचंड जमावासमोर, त्याचा शिरच्छेद झाला.