फ्लेमिंगो बघायचेत? आधी तिथी बघा

"ऐरोलीला फ्लेमिंगो किती वाजता दिसतात?" थंडी सरत आली की हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. कोणीतरी ठामपणे 'सकाळी लवकर जा' असं लिहून मोकळं होतं. हे उत्तर एका आठवड्यात बरोबर ठरतं आणि पुढच्याच आठवड्यात साफ चुकतं, कारण ठाणे खाडीतले पक्षी घड्याळावर चालत नाहीत, ओहोटीवर चालतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यांचं जेवण सुरू होतं.

ओहोटी कधी, हे कोळीवाड्यात तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, दिवसाही आणि रात्रीही. यामागे चंद्र आहे. तो पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पंधरा तिथींत ती बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपटीच्या हिशेबात तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, पण तोंडी गणितासाठी एवढं चालायचंच. शिवाय खाडी आत शिरत जाते तशी भरती थोडी उशिरा पोहोचते.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. त्याचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. अष्टमीच्या आसपास असते ती भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, त्यामुळे चिखलही कमी उघडा पडतो.

हा चिखलच खरा बघण्यासारखा आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तिवरांमधून लाकडी वाट जाते. बहुतेक लोक आभाळाकडे बघत तिच्यावरून पुढे निघून जातात. ओहोटी असेल तर तिथेच थांबा आणि खाली बघा. बोटभर लांबीची निवटी पुढच्या परांवर रेलून सरपटताना दिसते. आहे मासाच, पण कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत ती तासन्‌तास पाण्याबाहेर राहते. तिच्या आजूबाजूला चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात ती तिवरांची श्वासमुळं. खालच्या काळ्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून हे झाड ओहोटीच्या वेळी या मुळांवरच्या छिद्रांतून हवा घेतं. तिवराचं पान तोडू नका, नुसतं बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागेल. मुळांतून आत आलेलं जादा मीठ पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात.

फ्लेमिंगोंचं अन्नही याच गाळात असतं. इथे बहुसंख्य असलेला छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि सूक्ष्म शेवाळ खातो. त्यातल्या रंगद्रव्यांमुळे तो गुलाबी होतो. पिल्लं राखाडी असतात आणि त्यांना रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. एवढं शेवाळ इथे का वाढतं, याचं उत्तर जरा अडचणीचं आहे. शहरांचं सांडपाणी नायट्रोजन आणि फॉस्फरस घेऊन खाडीत येतं आणि शेवाळाला खत मिळतं. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तरी सांडपाणी यायचं थांबलेलं नाही. मात्र त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनंही येतात, तेव्हा 'घाणीमुळे पक्षी येतात' म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

मग जायचं कधी? मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्चमधली द्वितीया किंवा तृतीया, सकाळी साडेआठच्या आसपास. ओहोटी नुकतीच उलटलेली असते आणि चढतं पाणी थव्यांना हळूहळू काठाकडे ढकलत असतं. बोटीने जायचं असेल तर वेळ आधी विचारून घ्या, ती रोज बदलते, कारण पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतते. आणि दुपारी भर भरतीत पोहोचलात तर ऐरोलीत थांबू नका, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे वळा. खाडीतला चिखल बुडाला की यातले बरेच थवे तिथल्या उथळ पाण्यात विसाव्याला जातात.