याकुशा-ए : काबुकीच्या नटांची जपानी ठसाचित्रं

याकुशा म्हणजे नट आणि ए म्हणजे चित्र. जपानमध्ये एदो काळात (१६०३ ते १८६८) काबुकी नाटकातल्या नटांची चित्रं लाकडी ठशांवरून छापून विकायचे, त्यांना याकुशा-ए म्हणतात. आज ही चित्रं म्युझियममध्ये काचेमागे दिसतात पण तेव्हा ती फॅन लोकांसाठीच होती, नवीन नाटक लागलं की आपल्या आवडत्या नटाचं चित्र स्वस्तात मिळायचं.

चित्रकार फक्त रेखाटन करायचा. ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा वेगळा, बारेन नावाच्या गोल चकतीने कागद घासून छापणारा वेगळा, आणि पैसा लावणारा प्रकाशक. १७६५ च्या सुमारास पूर्ण रंगीत छपाई आली, मग एकेका रंगाला वेगळी फळी लागायला लागली.

सुरुवातीला तोरी घराण्याचं राज्य होतं, नाटकघराच्या जाहिरातीच्या पाट्यासुद्धा तेच रंगवायचे. तोरी कियोनोबूच्या नटांचे पाय तुंबडीभोपळ्यासारखे फुगलेले आणि रेषा गांडुळासारख्या वळवळत्या, जोर भरपूर, पण चेहरे सगळे एकाच साच्यातले. नट कोण ते कपड्यावरच्या चिन्हावरून ओळखायचं, उदा. इचिकावा दान्जुरो घराण्याचे एकात एक बसवलेले तीन चौकोन. खरा बदल कात्सुकावा शुन्शोने केला, १७७० च्या आसपास त्याच्या चित्रांत नाक डोळे हनुवटी बघून माणूस ओळखू यायला लागला.

आणि मग शाराकू! १७९४ च्या मध्यावर अचानक आला, जेमतेम दहा महिन्यांत १४० च्या वर चित्रं केली आणि गायब, तो नक्की कोण होता यावर अजून वाद चालूये. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. पहिली २८ चित्रं म्हणजे अभ्रकाच्या चमकत्या काळसर पार्श्वभूमीवर नुसते मोठे चेहरे. काबुकीत बायकांची कामं पुरुषच करायचे, इतर चित्रकार त्यांना सुंदर बाईच दाखवायचे पण शाराकूच्या चित्रात मेकअपखालचा पुरुषी जबडा आणि वय दोन्ही दिसतं. मला विचाराल तर या प्रकारात इतका खरा माणूस दुसऱ्या कोणीच पकडला नाही. त्याच वर्षी आलेली उतागावा तोयोकुनीची देखणी चित्रं मात्र जास्त खपली, आणि पुढे त्याचा शिष्य कुनिसादा तर या धंद्याचा बादशहाच झाला.

१८४२ मध्ये सरकारने नटांच्या चित्रांवर बंदी घातली. चित्रकारांनी वाटा काढल्याच, कुनियोशीने काही वर्षांनी भिंतीवर पोरांनी खरडल्यासारखी चित्रं काढली आणि त्या वेड्यावाकड्या तोंडांतसुद्धा लोकांनी आपले नट ओळखले. हळूहळू बंदी सैल पडली.

नट गेला की शिनी-ए निघायची, म्हणजे मृत्यूची चित्रं. आठवा दान्जुरो १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या करून गेला तेव्हा अशा चित्रांचा पूर आला, काहींत तर तो निर्वाणाच्या वेळच्या बुद्धासारखा आडवा पडलाय आणि भोवती बायका धाय मोकलून रडतायत.