‘पाणी = जल’ हे बरोबरचं चिन्ह आलं कुठून?

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या गावठाणालगत तिसरी-चौथीची काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. परवा एकीनं ‘माझी आजी’ या निबंधात लिहिलं, ‘आजी बाजारातून आली की मी तिला पेलाभर जल देते.’ घरी असं म्हणतेस का, असं विचारलं तर म्हणाली, ‘नाही बाई, पण वहीत दिलंय ना! आणि वेगळा शब्द घातला की छान शेरा मिळतो.’ वहीत होतंच: पाणी = जल, नीर, उदक. त्याखाली आई = माता, जननी, माय. शेजारच्या मुलानं आपल्या वहीत याच ओळीला ‘आयस’ जोडला होता आणि शाळेतून त्यावर लाल काट मारून आली होती. आयस, बापूस, दादूस हे इथल्या आगरी घरांतले रोजचे शब्द. जननी मात्र त्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं नाही.

ही यादी फार जुनी आहे. वेदांतल्या शब्दांचा ‘निघंटु’ पृथ्वीची २१, सोन्याची १५ आणि पाण्याची १०१ नावं देतो. यास्काचं निरुक्त हे त्याचंच विवरण. पण मुलांच्या तोंडी बसला तो अमरसिंहाचा अमरकोश, संस्कृतातल्या समानार्थी शब्दांचा श्लोकबद्ध कोश. तीन कांडं, सुमारे दीड हजार श्लोक, विषयवार वर्ग. पाठशाळेतला मुलगा अर्थ कळायच्या आधी तो घोकायचा. स्वर्गवर्गात देवांची नावं सुरू होतात ती अमर, निर्जर, देव, त्रिदश, विबुध, सुर अशी. नीट पाहिलं तर यांतलं एकही दुसऱ्याची नक्कल नाही. अमराला मरण नाही, निर्जराला म्हातारपण नाही, विबुध तो जाणता. देव तेच, बघायची बाजू वेगळी.

मग एवढी नावं पाठ करायची कशाला? मुख्य कारण छंद. श्लोक रचणाऱ्याला प्रत्येक जागी लघु-गुरू मोजून अक्षर बसवावं लागे. ‘जल’मध्ये दोन लघु, ‘नीर’मध्ये गुरू आणि लघु, ‘सलिल’मध्ये तीन लघु. अर्थ पाण्याचाच हवा, पण जागा जशी असेल तसा शब्द. आपल्या वामनपंडितांसारख्या पंडित कवींना हा साठा सुताराच्या पेटीतल्या हत्यारांसारखा हाताशी लागे. तिसरीतल्या मुलीला आजीवर आठ ओळी लिहायच्या आहेत, तिला गण पाडायचे नाहीत. पण हत्यारांची पेटी तिच्यापर्यंत आली ती सुतारकाम मागे ठेवून. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

मधे एक वळण असंही आहे की पर्यायी शब्द हा राज्यकारभाराचा मामला झाला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दफ्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून, आणि त्याची घडण अमरकोशाच्याच वळणाची, श्लोकबद्ध आणि वर्गवार. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, सरनोबताला सेनापती. इथे शब्द बदलला की रुबाब बदलत होता, आणि तो बदलावा हाच तर हेतू होता. गंमत म्हणजे पुढे लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. बोलीनंही आपला मार्ग काढला आणि दोन्ही घरचे शब्द शेजारी बसवून टाकले. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत. यांत एक फारसी-अरबीकडचा, एक संस्कृताकडचा. समानार्थी शब्दांचा याहून चांगला धडा मला अजून पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

विरुद्धार्थी शब्दांची गोष्ट वेगळी. अमरकोशाची मांडणी विषयांवर आहे. उलट अर्थांच्या जोड्या लावणं हे त्याचं काम नव्हे. संस्कृत व्याकरणानं विरोधाचा विचार केला तो शब्दाआधी येणाऱ्या ‘अ’चा, म्हणजे नञ् चा. त्याचे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, वेगळेपण, अल्पता, वाईटपणा आणि विरोध. ‘अधर्म’ हा विरोध. पण ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर बारीक कमरेची मुलगी. सहांतला एकच अर्थ उलटा. आमच्याकडच्या एका बहाद्दरानं ‘गोड × अगोड’ लिहिलं तेव्हा मला हसू आलं, पण त्याचा नियम चुकीचा नव्हता, फक्त अर्धा होता.

शब्दांच्या जोड्या समोरासमोर मांडायची सवय इंग्रजीतून बळावली. पीटर मार्क रॉजे यांचा थिसॉरस, म्हणजे अर्थानुसार लावलेला शब्दसंग्रह, १८५२ मध्ये लंडनला निघाला, त्यात उलट कल्पना शेजारच्या रकान्यात छापल्या होत्या. प्रस्तावनेत रॉजे यांनी अमरकोशाचा आणि कोलब्रुक यांनी १८०८ मध्ये सेरामपूरला छापलेल्या त्याच्या भाषांतराचा उल्लेख केला आहे, म्हणजे आपली यादी तिथवर पोचली होती. ‘अँटोनिम’ (विरुद्धार्थी शब्द) हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्यानंतर, १८६०च्या दशकात. तोवर इकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) आणि दादोबा पांडुरंगांचं व्याकरण (१८३६) निघालं होतं, आणि मराठी हा शाळेत तपासायचा विषय झाला होता. तपासायचं म्हटलं की उत्तर एकच लागतं.

याला छेद देणारं काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झालं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी ते चालवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर न्यायची, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात. तीच अंगणवाडी आणि कुरणशाळा. वस्तू आधी, शब्द मागून. पान, बी, दगड हाताळत बोलायचं. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.

मुख्य प्रवाहातल्या शाळेवर मात्र परीक्षेची पकड घट्ट होती. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, राज्यभर एकसारखी पुस्तकं गेली. शिष्यवृत्ती परीक्षा, आधी चौथी-सातवीला आणि २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला, चार पर्यायांतला एक गोल काळा करायला लावते. ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ याला यादी लागते, वाक्य लागत नाही. मार्गदर्शक पुस्तकांच्या मागच्या पानांवर त्या याद्या फुगत गेल्या. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा वाशी-नेरूळच्या ज्या मुलांच्या घरी मराठी नाही, त्यांच्याही वहीत हेच बरोबरचं चिन्ह आलं. ‘तोंडचं जल पळालं’ का म्हणत नाहीत, हे त्यांना सांगायला घरी कुणी नसतं.

हल्ली मी यादी झाकून ठेवते आणि एक शब्द फळ्यावर टाकते. गेल्या आठवड्यात ‘ओला’ होता. कपडा ओला, तर उलट काय? ‘कोरडा!’ मच्छी ओली, तर? इथली मुलं कोळीणबाईच्या पाटीजवळ वाढलेली, एका सुरात म्हणाली, ‘सुकी!’ दुष्काळ ओला, तर पुन्हा कोरडा. नारळ ओला, तर सुका. मग वहीत ‘ओला ×’ यापुढे काय लिहायचं, यावर चांगलीच जुंपली. तेवढ्यात माथाडी वस्तीतला एक मुलगा, मूळचा साताऱ्याकडचा, म्हणाला, ‘बाई, आमच्याकडे भाकरीबरोबरच्या रश्श्याला कोरड्यास म्हणतात. ते तर ओलंच असतं.’ आगरी पोरं खो खो हसली. मी फळ्यावर ‘कोरड्यास’ लिहिलं, शेजारी ‘कालवण’. मधे कुठलंच चिन्ह घातलं नाही. ती निबंधवाली मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत बसली, मग वही उघडून ‘जल’ खोडून तिनं ‘माठातलं गार पाणी’ लिहिलं.