निस्तेज त्वचा: आधी तेल, मग उटणं

थंडीच्या दिवसांत नडगीवर नखाने रेघ ओढली की ती पांढरी उमटते. त्या रेघेवर खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून बघा. रेघ लगेच नाहीशी होते. तेलाने त्वचेचा रंग बदललेला नसतो, तरी फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. पंधरा-वीस चपट्या पेशी एकावर एक, आणि सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असे मेद भरलेले असतात, आणि आतला ओलावा तेच धरून ठेवतात. हा थर सुकला की पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि मध्ये हवा शिरते. पेशींतल्या केराटिन या प्रथिनाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.५५, हवेचा १. त्यामुळे प्रत्येक कडेवर प्रकाश वळतो आणि चहूकडे विखुरतो. तेलाचा अपवर्तनांक १.४५च्या आसपास, म्हणजे केराटिनच्या बराच जवळचा. फटीतल्या हवेची जागा तेलाने घेतली की हे विखुरणं थांबतं. दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी पडल्यावर आरपार दिसू लागतं, तसंच हे.

चेहरा निस्तेज दिसण्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं: वर साचलेल्या कोरड्या पेशी आणि कमी झालेला ओलावा. त्वचेचा रंग ठरतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यावरून, आणि ते खालच्या जिवंत थरात तयार होतं. सावळी त्वचा तुकतुकीत असू शकते आणि गोरी त्वचा निस्तेज. हे मुद्दाम ठासून सांगावंसं वाटतं, कारण घरगुती उपायांच्या नावाखाली आपल्याकडे बरीचशी धडपड रंग उजळवण्याचीच चालते, आणि नुकसान होतं ते तिथेच.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आधी कोमट तेल अंगात जिरवायचं, मग उटणं लावायचं. तेलामुळे सुटू लागलेल्या पेशी मऊ होतात आणि उटण्याचं घर्षण सौम्य राहतं. डाळीचं पीठ जास्तीचं तेल शोषून घेतं, पण सगळं नाही. पातळ थर मागे उरतो आणि पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. तेलाशिवाय कोरडं उटणं किंवा मुलतानी माती खसाखसा चोळली तर उलट होतं, शिल्लक होता तो मेदही निघून जातो. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला मात्र खोबरेल तेल लावू नये, त्याने रंध्रं बुजू शकतात.

दह्याच्या बाजूनेही विज्ञान आहे. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की लॅक्टिक आम्लासारखी आम्लं मृत पेशींमधली पकड सैल करतात. आज ५ ते १२ टक्के लॅक्टिक आम्लाची क्रीम मिळतात. दह्यात ते १ टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून परिणाम सौम्य. पण बेसनात दही कालवून दहा मिनिटं ठेवण्यात बहुतेकांना धोकाही नाही.

लिंबाचं तसं नाही. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ५च्या जवळपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. म्हणजे रस शेकडो पट अधिक आम्लधर्मी. त्यातल्या क जीवनसत्त्वाचं कारण सांगितलं जातं, पण १०० ग्रॅम रसात ते सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के, तर बाजारात मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या सीरममध्ये १० ते २० टक्के असतं. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमॅरिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे उरलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे डाग अधिकच गडद पडतात. उजळपणासाठी लावलेलं लिंबू असं उलटतं. याच कुळातलं सोरालेन बावचीत असतं आणि उटण्याच्या काही मिश्रणांत बावची घालतात. कोडाच्या उपचारांत सोरालेन डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात ते त्याच्या या गुणामुळेच. घरच्या उटण्यात बावची नकोच.

हळदीबद्दल आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, तेव्हा गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण त्या लढ्यात सिद्ध झालं ते एवढंच, की हा वापर आपल्याकडे आधीपासून होता. चेहऱ्यावर तेज येतं का, हा प्रश्न तिथे नव्हताच. हळदीत कर्क्युमिन हे तिचं पिवळं द्रव्य साधारण ३ टक्के, ते त्वचेत फारसं मुरत नाही आणि उजेडात विघटित होतं. चिमूटभर घालायला हरकत नाही, मात्र भेसळीचा रंग नसलेली हवी.

तरुणपणी खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला सुमारे चार आठवडे लागतात, वयानुसार त्याहून जास्त. तेवढा काळ तेल, कोमट पाणी आणि हलका हात देऊनही चेहरा फिका, ओढलेला दिसत असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. तोही फिका असेल, तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तपासणीत हिमोग्लोबिन १२च्या खाली आलं, तर डॉक्टरांना दाखवून लोहाची कमतरता आहे का ते पाहावं लागेल. थकवा, केस गळणं आणि वजन वाढणं सोबत असेल, तर थायरॉइडही तपासून घ्या.