कानोया नौदल हवाई दल

जपानी शाही नौदलाचे जमिनीवरील तळांवरून लढणारे बाँबफेकी विमानदल. क्यूशू बेटाच्या दक्षिण भागात, कागोशिमा प्रांतातील कानोया येथे १ एप्रिल १९३६ रोजी ते उभे राहिले. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) पूर्व किनाऱ्यालगत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही ब्रिटिश युद्धनौका आणि ‘रिपल्स’ ही ब्रिटिश युद्धक्रूझर बुडवण्यात या दलाचा वाटा निर्णायक ठरला.

जहाजे बुडवण्यासाठी नौदलाने जमिनीवरची विमाने का बाळगावीत, याचे उत्तर नाविक तहांत आहे. वॉशिंग्टन (१९२२) व लंडन (१९३०) येथील करारांनी जपानला ब्रिटन-अमेरिकेपेक्षा कमी युद्धनौका बाळगण्याचे बंधन घातले. ही उणीव दूर पल्ल्याच्या, पाणतीर (टॉर्पेडो) वाहणाऱ्या विमानांनी भरून काढता येईल, असे यामामोटो इसोरोकू यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे मत होते. त्यातून मित्सुबिशीचे जी३एम हे दोन इंजिनांचे विमान आले आणि कानोया दलाला ते मिळाले.

त्याचा पहिला मोठा वापर मात्र जहाजांवर झाला नाही. १४ ऑगस्ट १९३७ रोजी दलाची १८ विमाने तैपेईहून निघाली आणि वादळी हवेत समुद्र ओलांडून त्यांनी चीनमधील हांगचौ व ग्वांगदे येथील विमानतळांवर हल्ला केला. सोबत लढाऊ विमानांचे संरक्षण नव्हते. चिनी वैमानिकांनी त्यांना गाठले आणि काही विमाने परतलीच नाहीत. चीन प्रजासत्ताकात (ज्याचे सरकार आता तैवानमध्ये आहे) हा दिवस पुढे हवाई दल दिन म्हणून पाळला जाऊ लागला. नौदलाच्या अशाच दलांनी नंतर चीनच्या शहरांवर वर्षानुवर्षे बाँब टाकले. १९४० मधील चोंगचिंगवरील मोहिमेत कानोया दलही होते. तेथील नागरिकांचे मृत्यू या दलाच्या इतिहासाचाच भाग आहेत. केवळ नाविक पराक्रमाची गोष्ट सांगणाऱ्या वर्णनांत ते गाळले जातात, हे योग्य नाही.

१९४१ पर्यंत दलाकडे नवे जी४एम विमान आले. त्याचा आराखडाही जी३एमचा अभियंता होन्जो किरो यानेच केला होता. वजन व पल्ला यांचा मेळ घालण्यासाठी त्याने चार इंजिने सुचवली. नौदलाने ती नाकारली. पल्ला तर हवाच होता. परिणामी, दोनच इंजिनांवर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी, पंखांतल्या मोठ्या इंधन टाक्यांना कवच मिळाले नाही. सात जणांना घेऊन हे विमान फार दूर जाई, पण गोळ्या लागल्या की चटकन पेट घेई. दलाचे यश आणि त्याचा नाश, दोन्हींची मुळे या एकाच निर्णयात आहेत.

डिसेंबर १९४१ मध्ये पॅसिफिक युद्धाला तोंड फुटले तेव्हा दलाचा एक भाग तैवानमधून फिलिपीन्सवर हल्ले करत होता, तर दुसरा सायगावजवळच्या (आजच्या व्हिएतनाममधील) तळावर पाठवलेला होता. ८ डिसेंबरच्या संध्याकाळी ब्रिटिश अ‍ॅडमिरल टॉम फिलिप्स या दोन मोठ्या नौका व चार विनाशिका घेऊन सिंगापूरहून निघाले. त्यांच्यावर विमानांचे छत्र नव्हते. १० तारखेला सकाळी अकरानंतर मिहोरो आणि गेनझान या जपानी नौदलाच्याच दुसऱ्या हवाई दलांनी हल्ले सुरू केले. गेनझानच्या पाणतिराने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा मागचा भाग फोडला, पाणी आत शिरले, बरीचशी वीज गेली आणि नौका सुकाणूला जुमानेनाशी झाली. ‘रिपल्स’चे कप्तान विल्यम टेनंट यांनी तोवर नौका वळवत पाणतीर चुकवले होते.

बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कानोयाची २६ विमाने येऊन थडकली. त्यांच्याकडचे पाणतीर इतर दोन दलांच्या पाणतिरांपेक्षा अधिक स्फोटक द्रव्याचे होते. ही विमाने एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी खाली उतरली. एका बाजूचे पाणतीर चुकवायला नौका वळली की दुसरी बाजू उघडी पडे. ‘रिपल्स’ १२:३३ ला बुडाली आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ त्यानंतर पाऊण तासाने. ८४० खलाशी व अधिकारी मेले, त्यांत फिलिप्सही होते. जपानची फक्त तीन विमाने पडली, त्यांपैकी दोन कानोयाची. नांगरलेल्या नौका विमानांनी याआधी बुडवल्या होत्या. खुल्या समुद्रात लढत असलेल्या अशा मोठ्या नौका केवळ हवाई हल्ल्याने बुडण्याची ही पहिलीच वेळ होती. काही दिवसांनी दलातील अधिकारी इकी हारुकी याने त्या जागेवरून जाताना फुले टाकली.

१९४२ च्या सप्टेंबरमध्ये दल सॉलोमन बेटांतील ग्वाडलकनालच्या लढाईसाठी, न्यू गिनीजवळच्या न्यू आयर्लंड बेटावरील काविएंग येथे गेले. त्याच वर्षी नौदलाने दलांची ठिकाणांवरून पडलेली नावे बदलली, तेव्हा बाँबफेकी तुकडी ७५१ क्रमांकाचे दल झाली. ३० जानेवारी १९४३ रोजी रेनेल बेटाजवळ तिच्या ११ विमानांनी, आदल्या संध्याकाळी जायबंदी झालेली अमेरिकी क्रूझर ‘शिकागो’ चार पाणतिरांनी बुडवली. मात्र त्यांतली बहुतेक विमाने पाडली गेली. मलायात नसलेली लढाऊ विमाने आता समोर होती, आणि जी४एमच्या टाक्या तशाच उघड्या होत्या. अनुभवी वैमानिक संपत गेले. त्यांची जागा भरण्याइतके प्रशिक्षण देणे जपानला जमले नाही. जुलै १९४४ मध्ये ७५१ दल विसर्जित झाले.

कानोया तळ मात्र चालूच राहिला आणि १९४५ मध्ये आत्मघातकी मोहिमांचे मोठे केंद्र बनला. २१ मार्च १९४५ रोजी तेथून उडालेली १८ जी४एम विमाने सर्वच्या सर्व पाडली गेली. त्यांतील १५ विमानांखाली ‘ओका’ हे मानवचालित बाँब टांगलेले होते. ती ७२१ दलाची होती. तळ एकच असल्याने त्या दलाची गल्लत पुष्कळदा मूळ कानोया दलाशी केली जाते.